दुकान गिरडला, गिऱ्हाईक परगावी



वर्धा जिल्ह्यातल्या गिरडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरच्यांचे छोटे दुकान आहे. दर्ग्याला येणारे लोक जाता-येता हळद, तिखट, मसाला घेऊन जातात. हळद घरीच निवडून, दळून पाकीटबंद करतात. भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. आता एका कंपनीचा रोज फोन येतो : 'वर्षाला अठरा हजार द्या, तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. गॅरंटी आमची. महिनाअखेर ऑफर संपेल.' घरात अठरा हजार आहेत, पण ते मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला काढलेले. भगिनी विचारतात, 'पैसे भरावे का? धंदा वाढला तर फी आपोआप निघेल, असे हे म्हणतात.'

असाच प्रश्न बेकरीवाले, शिवणक्लास चालवणाऱ्या भगिनी, मंडपवाले, फर्निचरवाले असे कितीतरी जण विचारतात. म्हणून या वेळी सगळा लेख याच विषयावर.

आधी थेट उत्तर : फीचे पैसे फीलाच जाऊ द्या. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. हे गूगल कंपनीनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. गूगलवर वर दिसण्याचे मार्ग दोनच. एक जाहिरात. तिचे पैसे थेट गूगलला भरायचे असतात आणि तिच्यावर 'प्रायोजित' असा शिक्का दिसतो. पैसे थांबले की जाहिरात थांबली. दुसरा मार्ग म्हणजे जाहिरातीखेरीज येणारे निकाल. तिथली जागा विकत मिळतच नाही. ती कमवावी लागते. त्यालाही वेळ लागतो. केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच सांगते. महिनाअखेरची घाई फोन करणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही.

थोडा हिशोबही करू. एक किलो हळदीमागे सगळा खर्च जाऊन साठ रुपये सुटतात असे धरा. अठरा हजार भरून काढायला तीनशे किलो हळद जास्तीची विकावी लागेल. तेवढी हळद दळायला, पाकिटे भरायला घरात हात आहेत का? हा प्रश्न फोनवरचा माणूस कधी विचारणार नाही. तो आपणच आपल्याला विचारायचा.

आता गूगलसमोर नीट उभे राहण्यासाठी घरच्या घरी काय करता येते ते पाहू. यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

गूगलला तुमची वेबसाइट माहीत आहे का?

गूगलचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचा एक संगणकीय कार्यक्रम सतत इंटरनेटवर फिरून पाने वाचतो. वाचलेल्यांपैकी योग्य वाटलेल्या पानांची नोंद आपल्या वहीत करतो. मग कोणी काही शोधले की त्या वहीतून जुळणारी पाने काढून समोर ठेवतो. ज्या पानाची वहीत नोंदच नाही, ते कितीही सुंदर असले तरी कोणाला दिसणार नाही.

तुमची नोंद आहे की नाही, हे एका मिनिटात कळते. गूगलच्या शोधपेटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहा. त्याला लागून दोन टिंबांचे कोलन हे चिन्ह द्या आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पाने दिसली तर नोंद झाली आहे. काहीच दिसले नाही तर काहीतरी अडले आहे. एक नेहमीचे कारण असते. वर्डप्रेसवर वेबसाइट केली असेल तर 'रीडिंग' या सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांनी ही वेबसाइट नोंदवू नये' अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना बनवणाऱ्याने तिथे खूण केलेली असते आणि नंतर ती काढायची राहून जाते. एवढी एक खूण काढली की दार उघडते.

पुढचे काम म्हणजे 'सर्च कन्सोल'. ही गूगलचीच मोफत सोय आहे. कोणती पाने नोंदली गेली, लोक काय शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोहोचले, किती जणांना तुम्ही दिसलात आणि कितींनी उघडून पाहिले, हे सगळे तिथे कळते. आपल्याच मोबाइलवर आपलेच दुकान शोधून 'आलो बुवा वर' म्हणून खूश होऊ नका. तुम्ही गिरडमध्ये बसून शोधता तेव्हा गूगल तुमचे ठिकाण धरून निकाल दाखवते. नागपूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला तेच दिसेल असे नाही. खरा आकडा कन्सोलमध्ये मिळतो.

गिऱ्हाईक कोणता शब्द टाकेल?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर परगावच्या कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त चांगले माहीत आहे.

गिरडचेच उदाहरण घ्या. टेकडीवरच्या दर्ग्यामुळे या गावाची ख्याती जुनी आहे. १९०८ च्या इम्पिरियल गॅझेटियरमध्ये गावाची आणि दर्ग्याची नोंद आहे. ख्वाजा शेख फरीद तीस वर्षे फकिरी करत फिरले आणि १२४४ च्या सुमारास या टेकडीवर स्थिरावले, हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे दर्शनाला येतात, अशी माहिती त्यात दिली आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, टेकडीवर सापडणारे गोल खडे ते हेच, ही आख्यायिकाही त्यात आहे. पण गंमत अशी, की त्या गॅझेटियरमध्ये गावाचे इंग्रजी नाव 'आर' अक्षराने संपते, आणि आजच्या फलकांवर ते 'डी' अक्षराने संपते. 'ड'चा उच्चार इंग्रजीत कसा लिहावा, यावर एकमत कधी झालेच नाही. 'दर्गा' शब्दही इंग्रजीत कोणी शेवटी 'एच' लावून लिहितो, कोणी न लावता. नुसते 'बाबा फरीद' शोधले तर पंजाबातले पाकपट्टन आणि फरीदकोटही समोर येऊ शकतात.

मग करायचे काय? आपल्या 'आमच्याविषयी' या पानावर पूर्ण, स्वच्छ पत्ता वाक्यात लिहा : 'आमचे दुकान गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा येथे दर्ग्याच्या रस्त्यावर आहे.' तेच वाक्य हिंदीत आणि इंग्रजीतही द्या. गावाची दुसरी इंग्रजी वर्तनी एकदा सहज येऊ द्या. एकदाच पुरे. तेच शब्द वीस वेळा कोंबले तर गूगल त्याला लबाडी समजते आणि वाचणाराही कंटाळतो.

आता मालाचे बघू. 'हळद' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राचा आहे. त्या एका शब्दावर सांगलीच्या मोठ्या व्यापाऱ्यांशी आणि मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण समुद्रपूर तालुक्याची स्वतःची हळद आहे : वायगाव हळद. करक्युमिनचे प्रमाण जास्त असलेली हळद म्हणून ती ओळखली जाते आणि २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. 'वायगाव हळद पावडर', 'वायगाव हळद कुठे मिळेल', 'वर्धा जिल्ह्यातली हळद' असे शोधणारे लोक थोडे असतील. पण जो असे शोधतो त्याला नेमके तेच हवे असते. हजार रिकामे बघे येण्यापेक्षा असे दहा जण आलेले बरे.

एक वही करा. दुकानात आणि फोनवर गिऱ्हाईक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'हळदीत रंग तर नाही ना?', 'अख्खी हळकुंडे मिळतील का?', 'नागपूरला पाठवता का, किती दिवस लागतात?', 'एक किलोचे पाकीट आहे का?' महिन्याभरात पंचवीस-तीस प्रश्न जमतील. तेच लोक गूगललाही विचारत असतात. प्रत्येक प्रश्नाचे खरे, साधे उत्तर वेबसाइटवर लिहा. यालाच मोठ्या शब्दांत सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात.

पान कसे लिहावे?

एका पानावर एकच विषय ठेवा. हळदीचे पान वेगळे, तिखटाचे वेगळे. प्रत्येक पानाला स्वतःचे शीर्षक हवे. बऱ्याच वेबसाइटवर सगळ्या पानांचे शीर्षक एकच असते, 'होम' किंवा 'स्वागत आहे'. 'स्वागत आहे' हे शब्द शोधून कोणी हळद घेत नाही. 'वायगाव हळद पावडर, गिरड, जि. वर्धा' असे शीर्षक द्या. त्याखाली निकालात दिसणारी दोन ओळींची ओळख लिहा : काय मिळते, केवढ्याला, कुठवर पोहोचवता. त्या ओळखीमुळे क्रमांक वाढत नाही, पण वाचून माणूस उघडायचे की नाही ते ठरवतो. 'मेटा कीवर्ड' नावाच्या रकान्यात शंभर शब्द भरून देतो असे कोणी म्हणाले तर हसून नको म्हणा. त्या रकान्याचा क्रमांकासाठी उपयोग करत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

मराठी वेबसाइटच्या दोन खास अडचणी आहेत. पहिली, सगळा मजकूर चित्रात. भावफलक, पत्ता, फोन, सारे काही छापखान्यातून करून आणलेल्या एका रंगीत चित्रात असते. माणूस ते वाचतो, पण गूगलच्या दृष्टीने पानावर वाचण्यासारखे फारसे काही नसते. भाव आणि पत्ता टाइप करूनच लिहा. चित्र द्यायचेच तर त्याच्या वर्णनाच्या रकान्यात 'हळद पावडरचे अर्धा किलोचे पाकीट' असे लिहा.

दुसरी अडचण फॉन्टची. छापखान्यात श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट वापरतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. तो मजकूर तसाच वेबसाइटवर टाकला तर गूगलला भलतीच अक्षरे दिसतात. मराठी नेहमी युनिकोडमध्येच लिहा. मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असते.

नकाशावरचे दुकान

जवळपासच्या गिऱ्हाइकासाठी वेबसाइटपेक्षाही गूगलचे 'बिझनेस प्रोफाइल' जास्त कामाचे आहे. दर्ग्याला आलेला माणूस मोबाइलवर 'जवळचे मसाल्याचे दुकान' असे शोधतो तेव्हा नकाशासह जी नावे येतात, ती इथून येतात. हे पूर्ण मोफत आहे. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो : तुमचे काम आणि त्याची गरज जुळते का, तुम्ही त्याच्यापासून किती दूर आहात, आणि तुमचे नाव किती माहितीचे आहे. इथेही पैसे देऊन वर जाता येत नाही.

नाव, पत्ता आणि फोन नंबर दुकानाच्या पाटीवर, पाकिटावर, वेबसाइटवर आणि प्रोफाइलवर अगदी सारखे ठेवा. वेळा खऱ्या लिहा. रमजानमध्ये, ईदला, यात्रेच्या दिवसांत वेळ बदलते, तेव्हा तिथेही बदला. उघडे आहे म्हणून आलेल्या माणसाला कुलूप दिसले तर तो परत येत नाही. दुकानाचे, पाकिटांचे, दळणाच्या जागेचे खरे फोटो टाका.

घरून काम करणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. मेहंदी काढायला किंवा शिकवणीला तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जात असाल तर प्रोफाइलवर घराचा पत्ता लपवता येतो. फक्त कोणत्या गावांत सेवा देता एवढेच दाखवा. आणि 'गूगलमधून बोलतोय' म्हणून फोन करून कोणी ओटीपी मागितला तर तो देऊ नका. ओटीपी गेला की प्रोफाइल दुसऱ्याच्या हाती गेले.

खोटे अभिप्राय नकोत

काही जण शंभर अभिप्राय हजार-दोन हजारांत विकतात. पाच चांदण्या आणि खाली 'छान' एवढेच. असे अभिप्राय गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि सापडले की काढून टाकले जातात. गिऱ्हाइकाला सूट किंवा भेट देऊन अभिप्राय लिहून घेणेही नियमात बसत नाही. आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९००० : २०२२' हे मानकही आणले आहे. पण नियम नसते तरी काय? हलाल कमाईची चाड असलेल्या घरात खोटी साक्ष विकत घेऊन माल विकावा का, याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे.

खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र बिनदिक्कत सांगा, 'माल आवडला तर दोन ओळी लिहा, आणि काही खटकले तर तेही लिहा.' तक्रार आली तर वाद न घालता नम्रपणे उत्तर द्या. तक्रारीला दिलेले उत्तर पुढचे पन्नास लोक वाचतात.

हीच गोष्ट मालाच्या नावाची. 'वायगाव हळद' शब्दाला मागणी आहे म्हणून दुसरीकडची हळद त्या नावाने लिहू नका. १९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकनाचे नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करण्याची पद्धत आहे. त्या नावाने विकणार असाल तर आधी नोंदणीची चौकशी करा. हळद कोणत्या गावच्या शिवारातली, कधी काढलेली, कुठे दळलेली, हे लिहा. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पाकिटाप्रमाणेच वेबसाइटवरही द्या. परगावच्या अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास अशानेच बसतो.

वेग आणि ओळखी

गूगल आता वेबसाइट मुख्यतः मोबाइलवर दिसते तशीच तपासते. म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर नाही, साध्या मोबाइलवर, गावातल्या नेटवर्कवर आपले पान उघडून बघा. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' या मोफत सोयीवर ते मोजता येते. पान अडखळत असेल तर कारण बहुधा फोटो असतात. मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो लहान करून दीड-दोनशे केबीचा केला तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही.

दुसऱ्या चांगल्या वेबसाइटवर तुमचा उल्लेख आणि दुवा असेल तर वजन वाढते. गूगलची सुरुवातीची पद्धतच या कल्पनेवर उभी होती. पण हजार दुवे विकत घेणे म्हणजे पुन्हा खोटी साक्ष. २०१२ पासून गूगलने अशा प्रकारांवर कडक पावले उचलली आहेत. ज्या शेतकरी गटाकडून हळद घेता, ज्या दुकानदाराला माल देता, ज्या वार्ताहराने बातमी केली, त्यांना दुवा द्यायला सांगा. असे पाच खरे दुवे पुरेत.

आता २०२४ पासून भारतातही गूगल काही प्रश्नांची उत्तरे यंत्राने तयार करून सर्वांत वर देऊ लागले आहे. त्यामुळे 'हळदीचे फायदे' असा लेख लिहिला तरी वाचणारा तुमच्यापर्यंत येईलच असे नाही. पण तुमचा भाव, तुमचा माल, तुमचे गाव ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. तीच लिहा.

कोणाची मदत घ्यायचीच असेल तर

चांगले, प्रामाणिक काम करणारे लोकही आहेत. धंदा वाढल्यावर त्यांची मदत जरूर घ्या. पैसे देण्याआधी मात्र एवढे विचारा : दर महिन्याला नेमके काय काम करणार? आधीचे काम दाखवता का? दुवे कुठून आणणार? सर्च कन्सोलचे आकडे मला दाखवणार का? 'ते आमचे सिक्रेट आहे' असे उत्तर आले तर तिथेच थांबा.

वेबसाइटचे नाव, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल हे चारही तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मालकीचे हवेत. मदतनिसाला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. वर्षांची मेहनत घेतलेले नाव दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर भांडण झाल्यावर हात चोळत बसावे लागते. नावाच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या महिन्याचे काम

पहिल्या आठवड्यात चारही खाती कोणाच्या नावावर आहेत ते बघा आणि गूगलवर नोंद आहे का ते तपासा. दुसऱ्या आठवड्यात बिझनेस प्रोफाइल पूर्ण करा. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पानाचे शीर्षक बदला आणि चित्रातला मजकूर टाइप करा. चौथ्या आठवड्यात वहीतल्या पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्या, पण उत्तरे सांगायला आई-वडिलांनी जवळ बसावे. हळदीची पारख त्यांना आहे.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला कन्सोलमधले दोन आकडे वहीत उतरवा : किती जणांना दिसलो आणि कितींनी उघडले. शेजारी तिसरा आकडा लिहा, वेबसाइट बघून किती फोन आले. सहा महिन्यांनी ही वही उघडून बसा आणि मगच पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा.

पुढच्या अंकात, परगावी माल पाठवताना पैसे आधी घ्यावेत की माल पोहोचल्यावर, आणि परत आलेल्या पार्सलाचा खर्च कसा सोसावा, यावर बोलू.